सागरी कासवांवरील संकट आणि आपण

स्मरणिकेसाठी एखादा लेख द्यावा असे विश्वस्त मंडळींनी सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. शिक्षकाने शिक्षणावर लिहावे अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. परंतु गेल्या वर्षी वर्गात घडलेला एक लहानसा प्रसंग मनातून जाईना, म्हणून त्याच विषयावर लिहावयाचे ठरविले. आपले बाजारहत्नूर डोंगराचा आणि सागवानाचा मुलूख. कापूस, तूर, सोयाबीन ही आपली पिके. समुद्र डोळ्यांनी पाहिलेली माणसे आपल्यात थोडीच. अशा गावाच्या स्मरणिकेत समुद्रातील कासवांवर लेख कशाला, असे वाचकांस वाटणे साहजिक आहे. वाचकांनी थोडा धीर धरावा. लेख संपेपर्यंत या शंकेचे उत्तर मिळेल अशी आशा आहे.

प्रसंग असा. वर्गात नष्ट होत चाललेल्या प्राण्यांचा पाठ चालू होता. फळ्यावर मी समुद्री कासवाचे चित्र काढले. आमच्या वर्गात कासवाला तीन नावे आहेत. मराठी घरांत कासव, तेलुगू घरांत ताबेलू आणि आमच्या घरी उर्दूत कछवा. चित्र पाहताच मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "गुरुजी, कासव तर आमच्या विहिरीतही आहे. आजोबांनीच सोडलंय, पाणी स्वच्छ राहतं म्हणून. मग कासवं संपली असं कसं म्हणता?"

प्रश्न मोठा रास्त होता. त्याचे उत्तर देता देता मलाच पुष्कळ गोष्टी नव्याने वाचाव्या लागल्या. त्या येथे क्रमाने सांगतो.

विहिरीतील कासव व समुद्रातील कासव

विहिरीत, तळ्यात किंवा नदीत दिसणारे कासव निराळे आणि समुद्रातील निराळे. गोड्या पाण्यातील कासवाला पाय असतात, पायांना नखे असतात आणि भय वाटताच ते मान व पाय पाठीच्या ढालीखाली ओढून घेते. समुद्री कासवाला ही सोय नाही. त्याचे पाय वल्ह्यांसारखे चपटे झालेले असतात आणि त्याला मान पूर्णपणे आत घेता येत नाही. पोहण्यात ते अत्यंत तरबेज, पण जमिनीवर आले की अगदी असहाय.

जगात समुद्री कासवांच्या एकंदर सात जाती आहेत. त्यांपैकी पाच भारताच्या समुद्रात आढळतात. आपल्या देशाच्या किनाऱ्यांवर सर्वांत जास्त संख्येने अंडी घालण्यास येणारी जात म्हणजे ऑलिव्ह रिडले. पाठीचा रंग ऑलिव्ह फळासारखा हिरवट करडा असतो, त्यावरून हे नाव पडले. पाठ सुमारे दोन फूट लांब व वजन साधारण ३५ ते ४५ किलो. खेकडे, कोळंबी, शिंपले आणि जेलीफिश हे तिचे खाद्य होय.

कासव समुद्रात राहत असले तरी ते मासा नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवावे. माशाला पाण्यातच श्वास घेता येतो. कासवाला मात्र आपल्यासारखी फुप्फुसे असतात व हवा घेण्यासाठी त्याला पुनःपुन्हा पाण्यावर यावे लागते. पुढे सांगावयाच्या संकटाचे मूळ याच एका गोष्टीत आहे.

एका मादीचा जन्मक्रम

हिवाळ्याच्या दिवसांत मादी रात्रीच्या वेळी किनाऱ्यावर येते. भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत, मागच्या पायांनी ती सुमारे दीड फूट खोल खड्डा खणते. खड्ड्याचा आकार मडक्यासारखा, तोंड अरुंद व पोट रुंद असा असतो. त्यात ती शंभराच्या आसपास अंडी घालते. अंडी पांढरी, गोल व मऊ सालीची असतात. नंतर वाळू लोटून, अंगाच्या भाराने ती दाबून, ती समुद्रात परत जाते. पिलांचे तोंड ती कधीच पाहत नाही. उबविण्याचे काम वाळूची उष्णता करते.

पंचेचाळीस ते साठ दिवसांनी पिले बाहेर पडतात. येथे निसर्गाची एक नवलाची गोष्ट सांगण्याजोगी आहे. पिलू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. वाळूचे तापमान साधारण २९ अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर माद्या अधिक होतात व त्याखाली राहिले तर नर अधिक होतात. उष्णता फारच वाढली तर अंड्यातच पिलू मरते. पृथ्वीचे तापमान वाढत आहे असे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. त्याचा परिणाम एवढ्याशा खड्ड्यातही कसा पोहोचतो, हे यावरून दिसून येईल.

बाहेर पडलेली पिले तळहातावर मावतील एवढी लहान असतात. ती अंधारातही समुद्राची दिशा ओळखतात, कारण रात्री समुद्राच्या बाजूचे क्षितिज जमिनीपेक्षा उजळ दिसते. वाटेत कुत्री, कोल्हे, खेकडे, कावळे, घारी आणि पाण्यात गेल्यावर मोठे मासे त्यांच्यावर टपलेले असतात. हजार पिलांतून एखादेच मोठे होऊन अंडी घालण्याच्या वयास पोहोचते असा अंदाज सांगितला जातो. ते वय येण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. पुढे ही मादी अंडी घालण्यासाठी बहुधा आपण जन्मलो त्याच किनारपट्टीकडे वळते. आता हिशेब पाहा. एक मोठी मादी मेली तर तिची जागा घेण्यास किती पिले जन्मावी लागतील!

संकटे कोणती?

निसर्गाने योजलेले शत्रू पूर्वीपासून होतेच. ते असूनही कासवे लक्षावधी वर्षे टिकून राहिली. मनुष्याने निर्माण केलेली संकटे मात्र निराळी आहेत.

पहिले संकट जाळ्याचे. यांत्रिक बोटी पिशवीच्या आकाराचे मोठे जाळे समुद्राच्या तळाजवळून तासन्‌तास ओढीत नेतात. कोळंबीबरोबर कासवही त्यात सापडते. त्याला श्वासासाठी वर येता येत नाही व ते बुडून मरते. जन्मभर पाण्यात राहणारा प्राणी पाण्यातच बुडून मरतो, ही गोष्ट मुलांना फार चमत्कारिक वाटते. जानेवारी २०२५ मध्ये चेन्नई व आसपासच्या किनाऱ्यावर शेकडो मेलेली कासवे वाहून आली, तेव्हा मासेमारीच्या जाळ्यांकडेच मुख्यत्वे बोट दाखविले गेले. यावर उपाय नाही असे नव्हे. जाळ्याच्या गळ्याशी लोखंडी गजांची तिरपी चौकट बसविली की कोळंबी गजांतून आत जाते व कासव वरच्या फटीतून बाहेर पडते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने आपल्या बोटींसाठी अशी चौकट तयार केली आहे. परंतु थोडे मासेही त्या वाटेने निसटतात, म्हणून ती वापरण्यास मच्छीमार नाखूष असतात. अशी चौकट वापरात नाही या कारणास्तव अमेरिकेने २०१९ मध्ये भारतातील समुद्रात पकडलेली कोळंबी घेण्यावर बंदी घातली. कासवाच्या जिवाची किंमत अशा रीतीने व्यापारातही मोजावी लागली.

दुसरे संकट अंड्यांच्या चोरीचे. मादीच्या पायांचा माग वाळूत स्पष्ट उमटतो. त्या मागावरून खड्डा शोधून अंडी काढणे सोपे असते व ती खाण्याची किंवा विकण्याची रीत अनेक ठिकाणी होती.

तिसरे संकट दिव्यांचे. किनाऱ्यावर उपाहारगृहे, बंगले व रस्ते झाले. त्यांच्या झगमगाटामुळे पिले समुद्राऐवजी दिव्यांकडे चालू लागतात आणि सकाळी उन्हात सुकून मरतात.

चौथे संकट प्लॅस्टिकचे. पाण्यात तरंगणारी पांढरी पिशवी कासवाला जेलीफिशसारखी दिसते. ते ती गिळते. पिशवी पचत नाही, आतडे अडते आणि पोट भरल्यासारखे वाटून कासव उपाशी मरते. टाकून दिलेल्या नायलॉनच्या जाळ्यांत पाय गुंतून लुळी झालेली कासवेही किनाऱ्यावर येतात. या चौथ्या संकटाकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे, कारण त्याचा आपल्याशी सरळ संबंध आहे.

ही संकटे एकट्या कासवावर आलेली नाहीत. व्हेल शार्क हा जगातील सर्वांत मोठा मासा. गुजरातच्या किनाऱ्यावर त्याच्या यकृताच्या तेलासाठी त्याची मोठी शिकार होत असे, कारण ते तेल लाकडी होड्यांना लावीत. २००१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. २००४ पासून मोरारी बापूंनी त्याला माहेरी येणाऱ्या लेकीची उपमा देऊन लोकांना समजाविले, तेव्हा तेच मच्छीमार आपली जाळी कापून त्याला सोडू लागले. समुद्रगाय हा समुद्रातील गवतावर चरणारा गरीब प्राणी. तिची संख्या फार घटली आहे. तिच्यासाठी तमिळनाडूने २०२२ मध्ये पाल्कच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचे क्षेत्र राखून ठेवले.

वेळासची गोष्ट

कायदा पुष्कळ पूर्वी झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत समुद्री कासवांचा समावेश आहे. कासव मारणे किंवा त्याची अंडी उचलणे हा गुन्हा असून त्यास कैदेची शिक्षा आहे. पण किनारा लांबच लांब आणि रात्र अंधारी. प्रत्येक खड्ड्यापाशी शिपाई कोण उभा करणार? हे काम अखेर गावकऱ्यांनीच केले. त्याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे.

रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे लहानसे गाव आहे. नाना फडणविसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या वाचकांस ते ठाऊक असेल. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी समुद्रगरुडाची पाहणी करीत या भागात हिंडत होते. तेव्हा वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची कवचे आढळली. चौकशी केली तेव्हा कळले की कासवे येथे दरवर्षी येतात आणि अंडी दरवर्षी जातात, काही माणसांच्या पोटी व काही कुत्र्या-कोल्ह्यांच्या.

त्यांनी गावकऱ्यांना दोष देत बसण्यात वेळ घालविला नाही. किनाऱ्याची खडान्‌खडा माहिती असलेल्या माणसांनाच त्यांनी राखणीच्या कामास घेतले. पूर्वी ज्या नजरेने माग शोधून अंडी काढली जात, तीच नजर आता अंडी वाचविण्याच्या कामी आली. कामाची पद्धत साधी आहे. रात्री व पहाटे किनाऱ्यावर फेरी मारावयाची. माग दिसला की खड्डा शोधून त्याची खोली मोजावयाची. अंडी अलगद काढून, जाळीचे कुंपण घातलेल्या जागेत तेवढ्याच खोलीचा व त्याच आकाराचा खड्डा करून त्यात ठेवावयाची व तारीख लिहून ठेवावयाची. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालावयाची. टोपली उचलली की खाली पिले दिसतात. ती मोजून सकाळ-संध्याकाळ पाण्याजवळ वाळूवर सोडून द्यावयाची. ती स्वतःच्या पायांनी समुद्रात जातात.

२००६ च्या सुमारास या कामास कासव महोत्सवाची जोड मिळाली. पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी मुंबई-पुण्याची माणसे येऊ लागली. गावात हॉटेल नव्हते, म्हणून गावकऱ्यांनी आपल्या घरांतच त्यांच्या राहण्याची व जेवणाची सोय केली. घरच्या स्त्रियांच्या हाताला त्यातून चार पैसे मिळू लागले. कासव जिवंत राहण्यात गावाचे हित आहे, हे मग कोणी वेगळे पटवून द्यावे लागले नाही. पुढे वन विभाग व ग्रामपंचायती यांच्या साह्याने आंजर्ले, गुहागर अशा कोकणातील अनेक गावांत हे काम पसरले. समुद्रात जाळ्यात सापडलेले संरक्षित प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमारास महाराष्ट्र शासनाने २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत नुकसानभरपाई देण्याची योजनाही केली. गरीब माणसाने आपले जाळे फाडावे अशी अपेक्षा करावयाची, तर त्याचे नुकसान समाजाने सोसले पाहिजे, हे तत्त्व त्यामागे आहे.

अशा प्रयत्नांचे फळ मिळते काय? मिळते. हिरवे समुद्री कासव ही दुसरी एक जात कित्येक वर्षे जगाच्या धोक्याच्या यादीत होती. अनेक देशांत किनारे राखले गेल्यामुळे तिची संख्या वाढली व २०२५ मध्ये ती जात त्या यादीच्या धोक्याच्या वर्गातून बाहेर काढण्यात आली. आपली ऑलिव्ह रिडले मात्र अजून संकटग्रस्तच गणली जाते.

आपला संबंध काय?

आता सुरुवातीच्या शंकेकडे वळतो. कडम नदीचा उगम आपल्या बाजारहत्नूरच्या परिसरात होतो. ही नदी पुढे कुंतला येथे धबधब्याच्या रूपाने कोसळते, कडम धरणात थांबते व नंतर गोदावरीस मिळते. गोदावरी राजमहेंद्रीवरून बंगालच्या उपसागरास जाते. तिच्या मुखाजवळ, काकीनाड्याच्या बाजूस, कोरिंगाची खारफुटीची जंगले आहेत, आणि त्या भागातील वाळूच्या बेटांवर व किनाऱ्यांवर हीच ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालण्यास येतात. आपल्या नाल्यात पडलेल्या पावसाच्या थेंबाची वाट शेवटी त्यांच्या समुद्रात जाते. थेंबाबरोबर दुसरेही पुष्कळ काही जाते.

येथे मला स्वतःची एक चूक कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आम्ही शिक्षक मंडळी मुलांची सहल घेऊन धबधबा पाहावयास गेलो होतो. जेवणे झाली. कागदी ताटल्या, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, फरसाणाच्या पिशव्या काठावर तशाच टाकून आम्ही निघालो. सोबत पाचसहा शिक्षक होतो, पण कोणाच्याही मनात काही आले नाही. पहिल्या मोठ्या पावसात तो सारा कचरा वाहून गेला असेल. मुलांनी पाहिले ते आमचे वागणे. दुसऱ्या दिवशी वर्गात मी स्वच्छतेचा धडा शिकविला असता, तर त्यांनी तो मनावर का घ्यावा? विहिरीतल्या कासवाविषयी त्या मुलाने प्रश्न विचारला, तेव्हा मला ही सहल आठवली आणि उत्तर देताना माझा आवाज जरा खाली आला.

कोणी म्हणेल, गोदावरी पूर्वेस जाते आणि वेळास पश्चिमेस आहे, तेव्हा त्यांचा काय संबंध? याचेही उत्तर एका कासवानेच दिले आहे. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर शास्त्रज्ञांनी एका मादीच्या पायाला ०३२३३ या क्रमांकाची धातूची पट्टी लावली होती. तीच मादी जानेवारी २०२५ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या वाळूत अंडी घालताना सापडली. सारा दक्षिण भारत वळसा घालून तिने सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर कापले असावे असा अंदाज आहे. पूर्वेचा समुद्र व पश्चिमेचा समुद्र हे भेद नकाशावरचे. कासवाला ते ठाऊक नाहीत. ओडिशाहून निघालेली ती मादी गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रातूनही गेली असेल.

मोठाल्या गोष्टी आपल्याच्याने होणार नाहीत, पण लहान गोष्टी होतील. लग्नकार्यात व उरुसा-जत्रेत पळसाच्या पत्रावळी आपल्याकडे कालपर्यंत चालत होत्या. त्या पुन्हा चालू करण्यास अडचण नसावी. उष्टे व कचरा नाल्यात टाकण्याऐवजी एका जागी खड्ड्यात टाकावा आणि प्लॅस्टिक निराळे ठेवावे. शेतातील औषधांचे रिकामे डबे ओढ्यात धुऊ नयेत. पावसाळ्यापूर्वी एक दिवस मुलांना बरोबर घेऊन नाला साफ करावा. सहलीस जाताना एक रिकामे पोते न्यावे व परतताना ते भरून आणावे. आमच्या वर्गाने हा शेवटचा नियम गेल्या वर्षापासून पाळला आहे. यात आधी फायदा आपला आहे, कारण त्याच नाल्याचे पाणी आपली जनावरे पितात. कासवाचा फायदा त्यामागून होतो.

आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असते. आत जाणारा प्रत्येक जण त्याला पाय लागू नये म्हणून बाजूने जातो. ही जपणूक आपल्या अंगवळणी पडलेली आहे. ती दगडी कासवाइतकीच जिवंत कासवालाही मिळावी, एवढेच मागणे आहे.

त्या मुलाला मी शेवटी असे सांगितले की, तुझ्या विहिरीतले कासव सुखरूप आहे, कारण तुझ्या आजोबांचे त्याच्याकडे लक्ष आहे. समुद्रातल्या कासवाला आजोबा नाहीत. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग आपणच व्हायचं का, गुरुजी?" वर्ग हसला. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, म्हणून तो आपणा सर्वांपुढे ठेवून हा लेख संपवितो.